मनगटाची प्लेट

गमतीच्या गोष्टी आधी सांगून टाकते. मागून त्या सांगायची इच्छा राहणार नाही.

एक पहिलवान दर वर्षी नागपंचमीच्या आधी माझ्या खोलीत यायचा आणि छातीचा फोटो काढून द्या म्हणायचा. आजार काही नाही. "दीदी, ताकत कितनी बढ़ी, वो इसमें दिख जाता है न?" मी म्हणायची, "भैया, इसमें हड्डी दिखती है और हवा दिखती है. ताकत अखाड़े में दिखाओ." पुढच्या वर्षी पुन्हा हजर. पुरानी बस्तीतल्या एका आजीने गळ्यातली पोत काढायला साफ नकार दिला होता. मशीन सोनं पिऊन टाकते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी मी माझ्या कानातलं मशीनखाली ठेवून, बटण दाबून, परत कानात घालून दाखवलं. तेव्हा कुठे तिने पोत उतरवली, तीही माझ्या हातात न देता दातांत धरली. आणि एक होणारे सासरेबुवा होते. लग्नाआधी मुलीचा पाय कधी मोडला होता का, ते पाहून सांगा म्हणाले. मुलगी बिचारी खाली मान घालून बाजूला उभी. मी सांगितलं, पाय ठीक दिसतो, आता तुमच्या डोक्याचा एक काढून घेऊ.

रायपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी एकतीस वर्षं एक्स-रे काढले. वडील रेल्वेच्या कारखान्यात हातोडा मारायचे. चंद्रपूरकडून आलेलं आमचं घराणं, त्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी विहारात सगळ्यांना खीर वाढली आणि गुणपत्रिका खिशात घालून आठ दिवस कारखान्यात फिरवली. नागपूरला डिप्लोमा करून नोकरीला लागले, त्या दिवशी आईने विचारलं, "तू डॉक्टर झाली का?" मी म्हटलं, नाही. "मंग पांढरा कोट काहून घातला?" म्हटलं, आई, डॉक्टरला जे दिसत नाही ते मी दाखवते. हे उत्तर मला फार आवडलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी ते लोकांना ऐकवत होते.

ज्यांनी फक्त आजचे कॉम्प्युटरवरचे एक्स-रे पाहिले त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या काळी फिल्म असायची. आम्ही तिला प्लेट म्हणायचो. एका चपट्या डब्यात ती घालायची, त्याला कॅसेट म्हणतात. कॅसेटवर रुग्णाचा हात किंवा पाय नीट ठेवायचा, हलू नको म्हणून सांगायचं आणि बटण दाबायचं. मग अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात ती फिल्म औषधाच्या पाण्यात बुडवायची. कोऱ्या फिल्मवर हाड हळूहळू वर येतं. हजारदा पाहिलं तरी त्या वेळी मी श्वास धरायची. रुग्ण थोडाही हलला तर हाडाच्या कडा दुहेरी दिसतात. हललेली प्लेट म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापलं जाणं. माझी प्लेट डॉक्टरांच्या टेबलावरून परत आली, असं नोकरीत घडलं नाही. कारण साधं आहे. हललेली, काळी पडलेली प्लेट मी टेबलापर्यंत जाऊच देत नव्हते. ती कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात जायची आणि मी दुसरी काढायची. गठ्ठ्याची नोंद नुसती आकड्यात व्हायची, आज खराब इतक्या. कुणाच्या, ते लिहायची पद्धत नव्हती.

राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी झालं. गल्लीबोळात मंत्र्यांच्या गाड्या शिरू लागल्या, तात्यापाऱ्यातल्या जुन्या दुकानांवर काचेचे दर्शनी भाग लागले, दवाखान्याला नवा रंग आला. त्यानंतर काही वर्षांतच बस्तरात युद्ध पेटलं. सरकारी कागदावर त्याला युद्ध कधी म्हटलं नाही. पण हेलिकॉप्टरचा आवाज आला की आमच्याकडे स्ट्रेचर तयार ठेवायचे, रजा रद्द व्हायच्या, आणि अंगात घुसलेले लोखंडाचे तुकडे शोधायला माझ्या खोलीपुढे रांग लागायची. मग ते युद्ध नव्हतं तर काय होतं?

त्या दिवसांत स्ट्रेचर दारात आलं की आमचा वॉर्डबॉय पहिला प्रश्न विचारायचा, "अपना है कि उनका?" उत्तरावर चादर ठरायची, चहा ठरायचा, आवाज ठरायचा. एकदा मांडीत तीन तुकडे घेऊन एक जवान आला. मणिपूरकडचा, डोळे बारीक, वर्ण पिवळसर गोरा. वॉर्डबॉय त्याच्याकडे पाहतच राहिला. "ये किधर का है?" त्या जवानाला हिंदी चांगली येत होती. तो म्हणाला, "भैया, गोली खाते समय किसी ने नहीं पूछा." कुणी हसलं नाही. तरी वॉर्डात त्याला सगळे चिनी चिनीच म्हणत राहिले.

हे आपल्या माणसाचं. मग बस्तरच्या आदिवासींचं काय होत असेल, ते वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. पायाला बेडी, बेडीचं दुसरं टोक खाटेला. एका म्हाताऱ्याचा गोळी लागलेला पाय मला सरळ करता येईना, कारण साखळी पुरत नव्हती. हवालदाराला म्हटलं, पाच मिनिटं काढा. तो म्हणाला, "मैडम, ये लोग एक पैर से भी भागते हैं." म्हातारा सत्तरीचा असेल. बाहेर, शहरातही तेच. शिकायला आलेल्या बस्तरच्या पोरापोरींना खोली मिळत नव्हती. पुरानी बस्तीत ज्या गल्लीत आडनाव विचारून माझ्या वडिलांना एकेकाळी घर नाकारलं होतं, त्याच गल्लीत आता जिल्हा विचारून दार लावत होते. मला हे दिसत होतं. मला तर सगळ्यांत आधी दिसायला हवं होतं.

आता वयाच्या तपासणीबद्दल. पोलीस एखाद्याला पकडतात आणि त्याच्याजवळ जन्माचा दाखला नसतो. अठरा वर्षांच्या आतला असेल तर त्याला मुलांच्या कोर्टात न्यावं लागतं, मोठ्यांच्या तुरुंगात ठेवता येत नाही. अशा वेळी हाडाचा फोटो काढतात. वाढत्या वयात हाडाचं टोक आणि दांडा वेगळे असतात, मधे फोटोत एक बारीक काळी रेघ दिसते. वय वाढलं की ती भरून येते. मुलींची कोपराची रेघ चौदा-पंधरालाच भरते. मनगटाची भरायला सतरा-अठरा लागतात. म्हणजे कोपर बंद दिसलं म्हणून मुलगी मोठी ठरत नाही. खरं काय ते मनगट सांगतं. हे डॉक्टरांना माहीत असतं, टेक्निशियनलाही माहीत असतं. पोलिसांना माहीत असण्याची गरज नसते.

बुधरी नावाच्या मुलीला आणलं तो दिवस हिवाळ्यातला होता, सकाळी अकराचा सुमार. आदल्या दिवशी जंगलात स्फोट झाला होता आणि सकाळपासून मी सात जवानांचे फोटो काढले होते. एक तर माझ्या टेबलावरच बेशुद्ध पडला. सगळा दवाखाना तापलेला. त्यात हवालदार आणि एक महिला शिपाई त्या मुलीला घेऊन आले. हवालदाराने कागद पुढे केला. वय, एकोणीस. ओळखचिन्ह, कपाळावर गोंदण. आरोप मी दोनदा वाचला. तसलाच एक स्फोट.

मुलगी माझ्या खांद्याच्याही खाली. अंगावर कुणीतरी दिलेला मोठ्या मापाचा सलवार-कुर्ता, बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. हिंदी तिला येत नव्हती. महिला शिपाई कांकेरकडची, स्वतः गोंड. तीच आम्हा दोघींत दुभाषाचं काम करत होती.

"पूछो, कितने साल की है," मी म्हटलं.

शिपाई तिच्याशी बोलली आणि मला म्हणाली, "साल नहीं जानती, दीदी. बोलती है, जिस साल नाला में बाढ़ आया, उसके बाद की."

"किस साल बाढ़ आई?"

"वो तो हर साल आता है." मग ती हवालदाराकडे पाठ करून हळूच म्हणाली, "दीदी, इस नोनी का गोदना आधा है. बस माथे का हुआ है. हमारे गाँव में हाथ-पाँव का बाद में करवाते हैं, बिहाव के पहले. ये मेरी छोटी बहन से भी छोटी है."

हवालदाराने ऐकलंच. "तू अपनी रिश्तेदारी मत निकाल," तो शिपाईला म्हणाला आणि माझ्याकडे पाहून हसला. "मैडम, इस पर भी नज़र रखना पड़ता है. ये भी उधर की है."

त्यानंतर महिला शिपाई फक्त विचारलं तेवढंच बोलली.

कोपराचा फोटो छान आला. मग मनगट. मी मुलीचा हात कॅसेटवर पालथा ठेवला, बोटं पसरली. तळवा इतका टणक की वयाचा अंदाज येईना. आणि त्या क्षणी माझ्या मनात जे आलं तेही लिहून टाकते. मनात आलं, यांचं काही सांगता येत नाही. 'यांचं.' माझ्या आईचे तळवेही तसेच होते, पण ते मला तेव्हा आठवलं नाही.

कॅसेट गार होती. मशीन घूंऽऽ करून सुरू झालं तशी मुलगी थरथरली. तिने असलं मशीन कधी पाहिलेलं नव्हतं. शिवाय मशीनचं तोंड तिच्याकडे वळवलेलं. तिला ते काय वाटलं असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला.

अंधाऱ्या खोलीत प्लेट वर आली आणि मी पाहिलं, हललेली आहे. हाडाच्या कडा दुहेरी. पण मनगटाच्या वर, हाडाच्या आडवी, ती काळी रेघ होती. तीही दुहेरी, पण उघडी. स्पष्ट उघडी. ही मुलगी फार तर सोळाची होती. मी ती प्लेट लाल दिव्याखाली वरखाली करून पाहिली. त्यात शंका नव्हती.

मी प्लेट गठ्ठ्यात टाकली आणि डॉक्टरांकडे गेले.

"सर, कोहनी आ गई है. कलाई हिल गई. फिर से लूँ?"

डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर सकाळच्या जवानांच्या प्लेटा पसरल्या होत्या. त्यांनी वर न पाहता विचारलं, "फिल्म कितनी बची है?"

"आधा डिब्बा."

"फिर? कल जवान आएँगे तो क्या अख़बार पर निकालोगी?" त्यांनी कोपराची प्लेट उजेडाच्या डब्यावर लावली. "जुड़ गया है पूरा. बस हो गया."

"सर, कोहनी तो लड़कियों की..."

"मालूम है मुझे. पर इन लोगों का अलग होता है. चौदह में ब्याह, सोलह में बच्चा. जंगल का शरीर है, जल्दी पकता है."

अठराच्या वर, असं त्यांनी लिहिलं. खाली सही केली. मी म्हटलं, "जी सर."

एवढंच म्हटलं. रेघ पाहिली, हे सांगितलं नाही. गेली इतकी वर्षं मी त्याची कारणं मांडत आले. फिल्मचा तुटवडा होता, खरं आहे. डॉक्टरांचा धाक होता, तोही खरा. सकाळी सात पोरांच्या अंगातलं लोखंड पाहिलं होतं, तेही खोटं नाही. पण या सगळ्यांच्या खाली जे होतं ते असं. रेघ पाहिली म्हटलं असतं तर साहेब म्हणाले असते, दाखव. मग गठ्ठ्यातून ती हललेली प्लेट काढून त्यांच्या हातात द्यावी लागली असती. कोर्टात जाणारी प्लेट, त्यावर शिशाच्या अक्षरांत माझा नंबर, आणि कडा दुहेरी. आमच्या घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी, जिची प्लेट कधी परत येत नाही. नाक मला त्या मुलीपेक्षा मोठं वाटलं. रजिस्टरात मी लिहिलं, फिल्म एक, कोपर. सही केली. हवालदार कागद घेऊन गेला. जाताना मुलीने बाही खाली ओढून हात झाकून घेतला.

दोन वर्षांनी एक वकील मुलगी आली. दिल्लीकडची, पायात साधी चप्पल, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी. तुरुंगात तिला बुधरी भेटली होती. "मैम, किसी भी हिसाब से वो लड़की बालिग़ नहीं थी," ती म्हणाली. "रिपोर्ट सिर्फ कोहनी पर है. कलाई का एक्स-रे क्यों नहीं लिया?"

मी तिला खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. ती लिहून घेत नव्हती, नुसती पाहत होती. सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं, "वो प्लेट कहाँ है?"

खराब प्लेटांचे गठ्ठे दर वर्षी लिलावात जायचे. फिल्मवर चांदीचा थर असतो, तो काढून घेणारे लोक असतात. आमचे गठ्ठे भनपुरीचा एक माणूस उचलायचा. मी दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भनपुरीला गेले. ट्रकांच्या रांगांमागे पत्र्याचं एक शेड, हौदात काळं पाणी, आणि वाळायला दोरीवर टांगलेल्या फिल्मा. निळसर, स्वच्छ, कोऱ्या. वाऱ्यावर हलत होत्या.

"मैडम, इसमें से फोटू ढूँढ़ोगे?" तो माणूस म्हणाला. त्याला खरंच माझी कीव आली असावी. "फोटू ही तो चाँदी है. फोटू धुलता है तभी चाँदी निकलता है."

तरी मी अर्धा तास धुवायचे राहिलेले गठ्ठे उलटेपालटे केले. सगळे चालू वर्षाचे होते.

आमच्या विभागातून निवृत्त झालेले सगदेवकाका तात्यापाऱ्यात राहत. त्यांनीच मला अंधाऱ्या खोलीतलं सगळं शिकवलं होतं. परतताना त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, "बाई, तू आता काहून मधात पडून राहिली? आपण फोटो काढनारे. निदान सांगनं आपलं काम नाही."

"काका, मी पाहिली होती रेघ."

"मंग तवाच सांगायचं होतं. आता कोर्टात जाऊन सांगशील का, मी पाहिलं, पन फेकून देल्लं? तुले ते काय म्हनतील?"

"जे म्हणायचं ते म्हणू दे."

"तुले म्हनतील ते म्हनतील. त्या पोट्टीले काय भेटन?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "पन जा. नाही गेली तं झोप नाही येनार तुले. मले माहीत आहे तू कशी आहेस ते."

अटकेच्या वेळी बुधरी अठराच्या आत होती, असा अर्ज वकील मुलीने केला आणि कोर्टाने वय पुन्हा तपासायचा आदेश दिला. वकील मुलीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज आनंदाने भरला होता. मी तारीख मोजत होते. अडीच वर्षं.

बुधरीला माझ्याच खोलीत आणलं. या वेळी तीन डॉक्टरांची समिती, फिल्मचा डबा भरलेला, कोपर, मनगट, कंबर, सगळं काढा असा लेखी हुकूम. ती बोटभर उंच झाली होती, गाल बसले होते. हिंदी शिकली होती. तुरुंगातली हिंदी, आठ-दहा शब्दांची. हाज़िर, लाइन, बैठो, उठो, चुप. मला तिने ओळखलं की नाही, कळलं नाही.

मी काही सांगायच्या आत तिने बाही वर केली, हात कॅसेटवर पालथा ठेवला आणि बोटं पसरली. मशीन सुरू झालं. ती हलली नाही. पापणीही हलली नसेल. मोठी माणसं इतकी स्थिर राहत नाहीत. अडीच वर्षांत कुणी तिला इतकं स्थिर राहायला शिकवलं, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

अंधाऱ्या खोलीत प्लेट वर आली. एवढी स्वच्छ प्लेट मी नोकरीत फार थोड्या वेळा काढली असेल. हाडाची कड न कड कोरल्यासारखी. आणि रेघ भरलेली. नुकतीच भरली होती, खूण होती, पण भरली होती. पुरावा कुणी चोरला नव्हता, जाळला नव्हता. त्या पोरीच्या अंगातच तो महिन्या-महिन्याने मिटत गेला होता. कोठडीत ती मोठी झाली, आणि मोठी झाल्यामुळे ती तेव्हाही मोठी होती असं ठरणार होतं.

समितीने लिहिलं, आजचं वय अठराच्या वर. मागे किती होतं ते निश्चित सांगता येत नाही, पहिला अहवाल चुकीचा म्हणायला आधार नाही.

मी कोर्टात गेले. आयुष्यात पहिल्यांदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. नेसायला चांगली साडी काढली होती, ते आता आठवलं की लाज वाटते. सगळं सांगितलं. मनगटाचा फोटो काढला होता, हलला होता, रेघ उघडी होती, मी टाकून दिला. सरकारी वकिलांनी आवाज चढवला नाही. त्यांना गरजच नव्हती.

"रजिस्टर में आपके हस्ताक्षर हैं?"

"हो. जी."

"क्या लिखा है?"

"फिल्म एक, कोहनी."

"कलाई की प्लेट कहाँ है?"

"नष्ट हो गई."

न्यायाधीश वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "मैडम, आप रेडियोलॉजिस्ट हैं?"

"नहीं सर. टेक्नीशियन."

"उम्र का अभिमत देने का अधिकार आपको है?"

"नहीं सर."

"ठीक है. आप जा सकती हैं."

पिंजऱ्यातून उतरायला दोन पायऱ्या होत्या. त्या उतरताना मागून कुणीतरी हसलं. मागच्या बाकावरचे दोन पोलीस आपसात म्हणत होते, "नागपुर वाली है. इनको बड़ी दया आती है." दया! मला हाक मारून सांगावंसं वाटलं, दया नव्हे हो, चूक होती. पण ते ऐकायला कोण थांबलं होतं?

अर्ज फेटाळला गेला. मला दवाखान्यातून पत्र आलं, खराब प्लेट रुग्णाच्या नावावर का नोंदवली नाही, खुलासा करावा. मी खुलासा केला. त्यानंतर गठ्ठ्यातल्या प्रत्येक प्लेटवर नाव लिहायची पद्धत सुरू झाली. ती वर्ष-दीड वर्ष टिकली, मग फिल्मच बंद झाल्या आणि कॉम्प्युटर आला. मूळ खटला पुढे बरीच वर्षं चालला. एकही साक्षीदार बुधरीला ओळखू शकला नाही आणि ती सुटली, एवढं वकील मुलीकडून कळलं. सुटून कुठे गेली, तिचं गाव राहिलं होतं की जळलं होतं, ते वकील मुलीलाही माहीत नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात म्हटलं की, मॅडमची प्लेट कधी परत आली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले आणि बसले.

शेवटची गोष्ट साक्षीच्या दिवसाची आहे. अर्जाचा निकाल त्याच दुपारी ऐकवला. बाहेर व्हरांड्यात लाकडी बाकावर बुधरीला बसवलं होतं, गाडी यायची होती. शेजारी एक पहारेकरीण, गोंडी न येणारी. वकील मुलगी फोनवर कुणाशी तरी बोलत भिंतीकडे तोंड करून उभी होती, बहुतेक रडत होती. मी बाकाजवळ गेले. पहारेकरणीने हटकलं नाही.

मी सोप्या हिंदीत, हळू बोलले. "बेटी, तुम्हारे हाथ का फोटो मैंने लिया था. पहली बार. वो ठीक नहीं आया था. गलती मेरी थी. तुम्हारी नहीं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. कोणता शब्द कळला, कोणता नाही, तिच्या चेहऱ्यावरून काही समजेना. मी परत म्हटलं, "फोटो ठीक नहीं आया था."

मग तिला कळलं. तिने कुर्त्याची बाही वर केली, हात बाकाच्या फळीवर पालथा ठेवला, बोटं एकेक करून पसरली, आणि श्वास रोखून म्हणाली, "फिर से?"

मी नाही म्हटलं. तरी तिने हात लगेच काढला नाही. पहारेकरीण "उठो" म्हणेपर्यंत तो तसाच, न हलता, फळीवर होता.